घरच्या सीएनसीला चौथा अक्ष: बॅकलॅश न ठेवता कसा बसवावा

गोल जॉबवर (कापायच्या तुकड्यावर) अक्षरं कोरायची असोत, छोटा गिअर काढायचा असो किंवा एकाच पकडीत चारही बाजू मारायच्या असोत, संगणकाच्या आज्ञेवर चालणाऱ्या तीन अक्षांच्या (एक्स, वाय, झेड) सीएनसी मशीनवर जॉब पुन्हा पुन्हा सोडून पकडावा लागतो. जॉब फिरवणारा चौथा अक्ष (ए अक्ष) बसवला की ही कटकट संपते. मात्र तो ढिला असेल तर नसलेला बरा. या ढिलाईलाच बॅकलॅश किंवा प्ले म्हणतात. १ आर्क मिनिट म्हणजे अंशाचा साठावा भाग. केंद्रापासून ५० मिमीवर एवढ्याशा प्लेमुळे जॉब ०.०१४५ मिमी हलतो. गिअरबॉक्सला १५-२० आर्क मिनिटांचा प्ले असला तर हीच हालचाल पाव मिमीच्या आसपास जाते.

सॉफ्टवेअरमध्ये बॅकलॅश कॉम्पेन्सेशन असतं, पण त्यावर विसंबू नका. ते फक्त दिशा बदलताना मोटरला जादा पल्स (विजेचे ठोके) देतं. कटर जॉबला ओढतो तेव्हा चक (जॉब पकडणारा पंजा) त्या मोकळ्या जागेत मागेपुढे आपटतो, आणि तिथे सॉफ्टवेअर काहीच करू शकत नाही. प्ले लोखंडातच मारायला हवा.

म्हणून पहिला निर्णय गिअरचा. टायमिंग बेल्ट स्वस्त आणि लाकडावरच्या कोरीवकामाला पुरेसा. पण तो ताणतो आणि जोराच्या कटला चक दाबून धरत नाही. वर्म गिअर (स्क्रूसारखा वर्म आणि त्याने फिरणारं दातेरी व्हील) जॉब घट्ट धरतो. त्याचा वर्म एक्सेन्ट्रिक बुशमध्ये (भोक मध्यापासून थोडं बाजूला असलेल्या कड्यात) असेल तर प्ले कमी-जास्त करता येतो. चक पूर्ण एक फेरा फिरवून व्हील जिथे सगळ्यात घट्ट लागतं ती जागा शोधा आणि तिथेच सेटिंग करा. ढिल्या जागी कसलं तर दुसऱ्या बाजूला मोटर अडकेल. झीज झाली की हे पुन्हा करावं लागतं.

अ‍ॅल्युमिनियम आणि पितळेसाठी माझी पसंती हार्मोनिक ड्राइव्हला. त्यात पातळ स्टीलची लवचीक वाटी बाहेरच्या कड्यात दाबून फिरते. ५०:१ च्या ड्राइव्हमध्ये वाटीला १०० दात तर कड्याला १०२. एकाच वेळी बरेच दात गुंतलेले असल्यामुळे प्ले जवळपास उरतच नाही. जुन्या रोबोटमधून काढलेला घेत असाल तर इनपुट हाताने फिरवून पाहा. कुठे खरखर किंवा उडी जाणवली तर घेऊ नका.

खालची प्लेट नागपुरात इतवारीच्या लोहाओळीतून माइल्ड स्टीलची घ्या आणि हिंगणा एमआयडीसीत कुठल्याही जॉबवर्कवाल्याकडून दोन्ही बाजूंनी सरफेस ग्राइंडिंग मारून घ्या. अ‍ॅल्युमिनियम हलकं पडतं खरं, पण नागपूरच्या मे महिन्यात सकाळच्या ३० अंशांवरून दुपारी शेड ४५ वर जाते. केंद्राची उंची ६५ मिमी धरली तर एवढ्या फरकात अ‍ॅल्युमिनियमचं ब्रॅकेट ०.०२२ मिमी वाढतं, स्टीलचं साधारण ०.०१२. बारीक काम असेल तर दुपारी झेड (कटरची उंची) पुन्हा सेट करा. कूलरची ओली हवा मशीनवर थेट येऊ देऊ नका, ग्राइंड केलेल्या पृष्ठभागावर लगेच गंज धरतो.

जोडणीआधी कंट्रोलर (मोटरना आज्ञा देणारी यंत्रणा) चौथा अक्ष चालवतो का ते बघा. मूळ जीआरबीएल हे कंट्रोल सॉफ्टवेअर तीनच अक्ष चालवतं. लिनक्ससीएनसी, माक३ आणि ग्रबलहॅलला अडचण नाही. वीज चालू असताना मोटरची वायर कधीही काढू नका, मोटरला वीज देणारा ड्रायव्हर जळतो. पल्सचा हिशेब: मोटरचे २०० स्टेप, मायक्रोस्टेप (ड्रायव्हर एका स्टेपचे करतो ते भाग) १०, गिअर ५०, म्हणजे फेऱ्याला १,००,००० पल्स आणि अंशाला २७७.७७७८. मग ३६०० अंशांची आज्ञा द्या. दहा फेऱ्यांनंतर डायल (बारीक हालचाल दाखवणारं काट्याचं गेज) होती तिथेच आली तर हिशेब बरोबर आहे.

आता सगळ्यात महत्त्वाचं काम, अक्ष सरळ बसवणं. याला हवा तेवढा वेळ द्या. चकमध्ये ग्राइंड केलेला बार पकडा, स्पिंडलला डायल लावा आणि एक्स चालवत बारच्या माथ्यावरून आणि मग बाजूवरून फिरवा. चकचा स्वतःचा रनआउट (फिरताना केंद्रापासून होणारा झोल) असतोच, म्हणून चक १८० अंश फिरवून दुसऱ्यांदा वाचन घ्या आणि दोन्हींची सरासरी धरा. माथ्यावर फरक दिसला तर प्लेटखाली शिम (पातळ पत्र्याचा तुकडा). बाजूला दिसला तर बोल्ट अर्धे कसून हलके ठोके मारत सरकवा. पूर्ण कसल्यावर डायल पुन्हा फिरवा, कारण कसताना प्लेट हमखास हलते. १५० मिमीत ०.०२ पर्यंत आलात की छंदाच्या कामाला पुरे. टेलस्टॉक (जॉबच्या दुसऱ्या टोकाचा आधार) यानंतरच लावा.

प्ले मोजायला चकमध्ये पट्टी पकडा आणि केंद्रापासून १०० मिमीवर डायल टेकवा. उणे २ अंशांवरून शून्यावर या, डायल शून्य करा, अधिक २ वर जाऊन परत शून्यावर या. डायलवर दिसेल तो फरक म्हणजे बॅकलॅश, इथे ०.०२९ मिमी म्हणजे १ आर्क मिनिट. मोटर चालू ठेवून पट्टी बोटाने दाबून सोडा. काटा परत आला तर ती लवचीकता, नाही आला तर ढिलाई.

फीड देताना फसगत होते. फक्त ए अक्ष फिरत असताना एफ (आज्ञेतला फीडचा, म्हणजे सरकण्याच्या वेगाचा आकडा) अंश प्रति मिनिट असतो. २५ मिमी त्रिज्येवर २०० मिमी प्रति मिनिट हवं असेल तर एफ ४५८ द्यावा लागतो; एफ २०० दिला तर कटर घासत राहतो.

शेवटी खरा कट. गोल बारवर ए शून्यला एका दिशेने येऊन सपाट पट्टा मारा, मग एक्स थोडा पुढे नेऊन तेवढ्याच खोलीवर, उलट दिशेने शून्यावर येऊन, त्याला लागून दुसरा मारा. दोन पट्ट्यांच्या सांध्यावर नख फिरवा. एक पट्टा दुसऱ्याच्या मानाने तिरका लागला तर गिअर उघडण्याआधी मोटरच्या शाफ्टवरचा ग्रब स्क्रू (डोकं नसलेला छोटा स्क्रू) तपासा. बहुतेक वेळा तोच सैल झालेला असतो. शाफ्टवर छोटा सपाट भाग घासून घ्या आणि स्क्रू थ्रेडलॉक (आटे सैल होऊ न देणारा गोंद) लावून कसा.