लहान गावात परवडणारं भाड्याचं घर आणि भाड्यासाठी मदत

लहान गावात रिकाम्या घरांची जाहिरात फारशी होत नाही, ती तोंडोतोंडी कळतात. त्यामुळे हव्या त्या भागात पायी फिरा. बंद खिडक्या, नावाची पाटी नसलेली कुलूपबंद दारं दिसली की शेजारी चौकशी करा. दलाल शेवटी.

भाडं, वीज, पाणी आणि कामावर जाण्यायेण्याचा खर्च एकत्र धरा. नुसतं भाडं हातात येणाऱ्या उत्पन्नाच्या 30 टक्क्यांच्या आत असावं. गावाबाहेरचं स्वस्त घर प्रवासखर्चात महाग पडू शकतं, हे बऱ्याचदा नंतर कळतं. घर पाहिल्याशिवाय अनामत देऊ नका. दिली की पावती, आणि चावी घेताना मीटरचं रीडिंग, भिंतींची ओल, नळ यांचे फोटो. अनामत कापण्याचे वाद इथेच होतात.

भाडं थकणार असं दिसताच, भाड्यासाठी मदत देणारी योजना किंवा संस्था तुमच्या भागात असेल तर तिच्याकडे अर्ज करा. घर सोडण्याची नोटीस आल्यावर वेळ उरत नाही. भाडेकरार, उत्पन्नाचा दाखला, ओळखपत्र, आणि थकबाकी असेल तर तिचं पत्र जोडा. पैसे अनेकदा थेट मालकाच्या खात्यात जातात, म्हणून त्याची सही आणि बँक तपशील आधीच मिळवा. अर्ज याच कागदावर अडू शकतो. तोंडी करार असेल तर मालकाकडून निदान साध्या कागदावर लिहून घ्या. अर्जाची पोच मागायला लाजू नका.