गाळपाआधी ‘गाळी’: डिझेलमधली एअर शोधायची तयारी

ऊसतोडीच्या टोळ्या यायच्या आधी, दसरा झाल्यावर, एक मोकळी सकाळ या कामाला ठेवा. दोन ट्रॉल्या ऊस जोडून निपाणीजवळच्या तवंदी घाटात ट्रॅक्टर बंद पडल्यावर एअर, म्हणजे डिझेलच्या पाइपात शिरलेली हवा, काढत बसणं मी एकदा केलंय. मागच्या ट्रकवाल्यांनी जे ऐकवलं ते इथं लिहीत नाही.

आपल्या भागात आधी भाषेचा घोळ. संकेश्वरकडचा मेस्त्री म्हणाला, ‘गाळी बंदैती.’ मी डिझेलचा गाळ साठतो ती वाटी काढून गाळ शोधत बसलो. कन्नडात गाळी म्हणजे हवा, बंदैती म्हणजे आलीय. वाटी धुवून निघाली एवढाच फायदा.

आदल्या संध्याकाळी डिझेलचे सगळे जोड फडक्यानं कोरडे पुसा, टाकीचा कॉक (डिझेलचा नळ) उघडा ठेवा आणि खाली पुठ्ठा पसरून ट्रॅक्टर रात्रभर उभा करा. टाकी भरलेली असू द्या, म्हणजे सैल जोड सकाळी ओला दिसेल. पण पुठ्ठा कोरडा म्हणून निश्चिंत होऊ नका. फीड पंप टाकीकडून डिझेल ओढतो, त्यामुळे त्या बाजूच्या बारीक फटीतून डिझेल बाहेर येण्याऐवजी हवा आत जाते. जाळी तुंबलेली असली की ओढ वाढते आणि एरवी गप्प असलेला जोडही हवा घेतो. म्हणून कॉकची जाळी आणि वाटी आधी साफ. टाकीच्या झाकणाचं हवेचं भोकही बुजलंय का बघा. बंद पडत आलेलं इंजिन झाकण सैल करताच सावरलं, तर दोष तिथंच आहे, एअर शोधू नका.

बाजारातून आणायचं ते थोडंच: बँजो बोल्टची (डिझेल आतून जाणाऱ्या पोकळ बोल्टची) तांब्याची वायसरं, वाटीचं आणि फिल्टरचं रबर, नवे क्लॅम्प, डिझेलला टिकणारा हातभर पारदर्शक पाइप. वायसर मापाचं नाही मिळालं तर जुनं लाल तापवून पाण्यात टाका, मऊ पडतं. टेफलॉन टेप मात्र नको, तिचे तुकडे पंपात जातात. नवा फिल्टर बसवताना जुनं रबर खोबणीत चिकटून राहिलंय का, बोट फिरवून बघा. एकावर एक दोन रबरं बसली की एअर घेणारच.

त्या पारदर्शक पाइपात खरी गंमत आहे. तो आधी टाकी आणि फीड पंपाच्या मध्ये जोडा, इंजिन चालू करा. बुडबुडे दिसले तर चोर टाकीकडे आहे: कॉक, वाटी, चिरलेला रबरी पाइप. तिथं डिझेल स्वच्छ असेल तर तोच तुकडा फिल्टर आणि इंजेक्शन पंप (नोझलला दाबानं डिझेल देणारा मोठा पंप) यांच्या मध्ये लावा. आता बुडबुडे आले तर फीड पंप आणि फिल्टरचे जोड तपासा. फीड पंपावरच्या हातपंपाची मूठ नीट आवळलेली नसली तरी तिथून हवा जाते, हे बरेच जण विसरतात.

चोर सापडल्यावरच एअर काढा. रोज सकाळी एअर काढून गाडी चालवणारे आहेत, त्यांचं सेल्फ आणि बॅटरी दोन्ही लवकर जातात. क्रम टाकीकडून पुढे: पहिला फिल्टर, दुसरा फिल्टर, मग इंजेक्शन पंपाचा, हे एअर काढायचे स्क्रू एकेक करून सैल करा. हातपंप मारत राहा, फेस जाऊन सलग धार आली की धार चालू असतानाच स्क्रू आवळा. तरीही पकडलं नाही तर नोझलचे नट थोडे सैल करून सेल्फ मारा, एका वेळी दहा सेकंदांपेक्षा जास्त नको. तिथं बोट लावू नका. त्या दाबाचं डिझेल कातडीतून आत शिरतं आणि मग थेट दवाखाना गाठावा लागतो.

विडी बांधावरच ठेवून या, तंबाखूच्या निपाणीचे असलात तरी.