बँडसोबत अल्बम रेकॉर्ड करताय? ड्रमरनी या चुका टाळा

आमच्या बँडचा सात गाण्यांचा मराठी रॉक अल्बम आम्ही पुण्यात रेकॉर्ड केला. ड्रमसाठी दोनच दिवस परवडत होते. तो अल्बम आज लावला की मला सगळ्यात आधी माझा हाय-हॅट (पायानं उघडझाप होणारी झांजांची जोडी) ऐकू येतो, गायकाच्या प्रत्येक 'स' आणि 'श'वर चढून बसलेला. मिक्सिंगमध्ये तो खाली का आणता आला नाही, तिथूनच सुरुवात करतो.

मी ढोल-ताशा पथकातून ड्रमकडे आलो. मिरवणुकीत ताशा हात राखून वाजवत नाहीत, आणि तोच हात मी किटवर आणला. स्टेजवर ते खपून जायचं. स्टुडिओत मात्र स्नेअरचा, म्हणजे खालून तारा लावलेल्या खणखणीत ड्रमचा, माईक हाय-हॅटपासून जेमतेम वीतभर लांब असतो. हॅट जोरात वाजला की तो स्नेअरच्या ट्रॅकमध्येही शिरतो. मग स्नेअर उजळ करायला गेलं की हॅटही सोबत वर येतो. ही गळती नंतर पूर्णपणे निघत नाही. किक (पायानं वाजणारा मोठा ड्रम), स्नेअर आणि झांजांचा तोल रेकॉर्डिंगच्या वेळी मनगटातच सांभाळावा लागतो.

यासाठी दीड-दोन महिने आधी एक सवय लावा. फोन किटसमोर पाच-सहा फुटांवर, डोक्याच्या उंचीला ठेवा आणि अख्खं गाणं रेकॉर्ड करा. त्या एका माईकमध्ये किक आणि स्नेअर हॅटच्या वर ऐकू आले पाहिजेत. येत नसतील तर हॅटच्या कडेवर स्टिकची मान मारणं थांबवा आणि स्टिकच्या टोकानं वरच्या बाजूवर वाजवा. क्रॅश, म्हणजे जोरकस ठोक्यासाठीच्या मोठ्या झांजाही थोड्या उंच घ्या, म्हणजे टॉमच्या (सुरात लावलेल्या बाकीच्या ड्रमच्या) माईकमध्ये कमी शिरतील. मी हे अल्बम झाल्यावर शिकलो. माझा हात बदलायला सहा-सात आठवडे लागले, त्यामुळे आदल्या आठवड्यात सुरू करून भागणार नाही.

दुसरी मोठी चूक क्लिकची, म्हणजे लय धरून ठेवायला हेडफोनमध्ये वाजणाऱ्या टिकटिकीची. 'आपण क्लिकवर वाजवतोच की' असं आम्ही म्हणत होतो, पण प्रत्येक गाण्याचा टेम्पो कागदावर कुणीच लिहिला नव्हता. स्टुडिओत पोचल्यावर मिनिटाला ९२ ठोके की ९६ यावर अर्धा तास गेला. शेवटी ९६ ठरलं, आणि अंतऱ्यात गायकाला श्वास घ्यायला जागा उरली नाही. टेम्पो गायकाला समोर बसवून, पूर्ण शब्द गाऊन घेऊनच ठरवा.

सहा मात्रांच्या गाण्यात तर फार सांभाळा. आमचं एक गाणं दादऱ्याच्या अंगाचं होतं, तीन-तीन मात्रांचे दोन भाग, मिनिटाला असे ६० भाग. मी इंजिनिअरला '६०' सांगून मोकळा झालो. पण बहुतेक सॉफ्टवेअरमध्ये टेम्पोचा आकडा दोन-दोन मात्रांच्या हिशेबानं धरला जातो. मिनिटाला मात्रा १८०, म्हणजे तिथे ९० टाकायला हवं होतं. क्लिक रेंगाळत होती आणि मला वाटत होतं, माझीच लय सुटतेय. तीन टेक वाया गेल्यावर बेसिस्टनं बोटांवर मात्रा मोजल्या, तेव्हा घोळ कळला.

हेडबद्दल, म्हणजे ड्रमवर ताणलेल्या पडद्याबद्दल, थोडक्यात. नवी हेड रेकॉर्डिंगच्या सकाळी चढवू नका. ती ताणली जाऊन स्थिर होईपर्यंत सूर उतरत राहतो. दोन-तीन दिवस आधी चढवा, रोज वाजवा, पुन्हा सुरात लावा. स्नेअरचं एक जादा हेड आणि ड्रम-की (हेड ताणायची किल्ली) जवळ ठेवा.

स्टुडिओत हमखास उद्भवणाऱ्या काही अडचणी:

टॉम मारला की स्नेअर भणभणते. दोघांचे सूर फार जवळ आलेले असतात. टॉम थोडा वर किंवा खाली लावा. स्नेअरच्या तारा सैल सोडू नका, कारण मग घोस्ट नोट, म्हणजे मधले अगदी हलके ठोके, विरघळून जातात.

स्नेअर एकटी ऐकताना भरीव, पण ओव्हरहेड (किटच्या वर लावलेले दोन माईक) उघडले की पातळ. ही फेजची गडबड, म्हणजे एकच आवाज वेगवेगळ्या माईकमध्ये पुढेमागे पोचून एकमेकांना कापतो. स्नेअरच्या मध्यापासून दोन्ही ओव्हरहेडपर्यंतचं अंतर दोरीनं मोजा, सारखं हवं. १७ सेंटिमीटरचा फरक म्हणजे आवाजाला साधारण अर्धा मिलिसेकंद उशीर, आणि दोन्ही माईक एकत्र केले की १००० हर्ट्झच्या आसपासचा आवाज खाल्ला जातो. स्नेअरला खालून माईक असेल तर त्याची पोलॅरिटी (सिग्नलची अधिक-उणे बाजू) उलटी करून ऐका. ज्या स्थितीत आवाज जाड लागतो ती ठेवा.

शांत जागी क्लिक माईकमध्ये येते. कान पूर्ण झाकणारा हेडफोन घ्या, क्लिकला कर्कश बीपऐवजी शेकरसारखा आवाज द्या, आणि गाण्याच्या शेवटी ती बंद करायला सांगा.

दुसऱ्या दिवशी कालच्या टेकमध्ये तुकडा जोडायचाय, पण आवाज जुळत नाही. पहिल्या दिवशीच माईकचे फोटो काढा आणि स्टँडच्या पायांशी जमिनीवर टेप लावा. आम्ही लावला नाही, आणि चार ओळींसाठी एक अख्खं गाणं पुन्हा वाजवावं लागलं.

आणि शेवटचा क्रॅश विरेपर्यंत हलू नका. झांज आपल्या कानाला थांबली तरी माईकला ऐकू येत असते. इंजिनिअर हात वर करेपर्यंत स्टिक हवेत धरा, पाय पेडलवरून उचलू नका. आमच्या चौथ्या गाण्याच्या शेवटी मी दोन सेकंद आधी हललो, आणि तिथे माझ्या स्टुलाची करकर आजही ऐकू येते.