गावचा वारसा साजरा करताय? मग या चुका टाळा

१८ एप्रिलचा जागतिक वारसा दिन किंवा १९ ते २५ नोव्हेंबरचा वारसा सप्ताह जवळ आला की तालुक्याच्या गावांत लगबग सुरू होते. बारवेची, म्हणजे पायऱ्यांच्या जुन्या विहिरीची, सफाई ठरते, वेशीला रंग द्यायचं घाटतं, देवळामागे पडलेले वीरगळ (लढाईत पडलेल्या वीरांचे स्मारकदगड) उचलून ओट्यावर मांडायची कल्पना पुढे येते. उत्साह खरा असतो, पण सर्वांत जास्त नुकसानही याच दिवसांत होतं. कारण बहुतेक वेळा एकच असतं. नोंद व्हायच्या आधीच वस्तूला हात लागलेला असतो.

बारव एका दिवसात उपसणं

भरल्या बारवेच्या भिंतींना आतल्या पाण्याचा आधार असतो. मागची माती ओली असताना आतलं पाणी झपाट्याने उपसलं, तर मातीतल्या पाण्याचा दाब भिंत आत ढकलतो आणि चिरे सुटतात. म्हणून उपसा मार्च ते मे दरम्यान करावा आणि तोही थोडा थोडा, मध्ये थांबून, सांधे बघत. गाळ काढायला जेसीबी लावू नये. त्याच्या बकेटने पायऱ्यांच्या कडा तुटतात आणि गाळात पडलेले मूळचे चिरे डंपरबरोबर निघून जातात. गाळ घमेल्याने काढावा, बाजूला पसरून बघावा, घडीव दगड वेगळे ठेवावेत आणि कुठल्या बाजूला सापडले ते त्यावर खडूने नव्हे, चिठ्ठी बांधून लिहावं.

जिवावर बेतणारी चूक वेगळीच आहे. डिझेल इंजिन कधीही बारवेत उतरवू नये, त्याच्या धुरातला कार्बन मोनॉक्साइड तळाशी कोंडतो. कुजलेला गाळ ढवळला की त्यातूनही विषारी वायू सुटतो. पेटती मेणबत्ती सोडून बघणं पुरेसं नाही. प्राणवायू कमी असेल तर ती विझेल, विषारी वायू मात्र तिला कळत नाही. नगरपालिकेच्या किंवा औद्योगिक वसाहतीच्या अग्निशमन दलाकडून वायुमापक मिळवावा. तो नसेल तर खोल, बंदिस्त बारवेत कुणाला उतरवू नये.

पिंपळ-उंबराची बोटभर रोपं हाताने निघतात. मनगटाएवढं खोड झालं असेल, तर ते दोर लावून ओढायचं नाही, मुळं चिऱ्यांसकट बाहेर येतात. बुंध्याशी कापावं आणि फुटवा येईल तसं पुन्हा कापत राहावं. पाणी वापरात असेल तर तणनाशक नको.

दीपोत्सवात पणत्या थेट पायरीवर ठेवल्या की तेल दगडात मुरतं आणि त्यावर काजळी, धूळ बसून काळे डाग कायमचे राहतात. प्रत्येक पणतीखाली वाळू भरलेली मातीची परळ ठेवली की प्रश्न मिटतो.

रंग, सिमेंट, तारेचा ब्रश

जुन्या विटांच्या आणि चुन्याच्या बांधकामातलं पाणी सांध्यांतून बाहेर पडतं. वर सिमेंटचा गिलावा किंवा ऑइलपेंट चढवला की ती वाट बंद होते. ओल आत कोंडते, क्षार विटेच्या पृष्ठभागाखाली स्फटिक होतात आणि वीट पापुद्र्यांनी सुटते. दोन पावसाळ्यांनी रंग सोलला म्हणून पुन्हा रंग दिला जातो आणि नुकसान वाढतं. दुरुस्ती करायचीच असेल तर चुन्यातच करावी, आणि भिजवलेला चुना हाताळणारा गवंडी मिळेपर्यंत थांबावं. धुण्यासाठी साधं पाणी आणि मऊ नायलॉनचा ब्रश, एवढंच. ॲसिड, तारेचा ब्रश आणि उच्च दाबाचा फवारा वर्ज्य.

शिलालेख वाचता यावा म्हणून अक्षरांत पीठ, खडू, शेंदूर किंवा तेल भरायची पद्धत फार रुळली आहे, आणि ती तितकीच घातक आहे. एकदा कुणी चुकीचं अक्षर खडूने गिरवलं की पुढचा प्रत्येक फोटो तेच चुकीचं वाचन दाखवतो. त्याऐवजी अंधार पडल्यावर जावं आणि टॉर्च दगडाला जवळजवळ टेकवून, अगदी तिरप्या प्रकाशात फोटो घ्यावेत. डावीकडून, उजवीकडून, वरून आणि खालून, असे चार. चौकटीत मोजपट्टी दिसू द्यावी. उथळ रेघाही सावलीमुळे उठून दिसतात.

वीरगळ हलवणं

वीरगळ खालून वर वाचतात. तळाच्या चौकटीत बहुधा लढाई किंवा पडलेला वीर, गाईंसाठी लढला असेल तर गाई. मधे अप्सरा त्याला स्वर्गात नेत असतात. वर तो शिवलिंगाची पूजा करतो आणि माथ्यावर चंद्र-सूर्य. ओट्यावर सिमेंटमध्ये बसवताना खालची चौकटच गाडली जाते, म्हणजे तो का मेला हेच झाकलं जातं. दगड जिथे उभा आहे ती जागाही माहिती देते: वेस, जुनी वाट, शिवेचा माळ. हलवण्यावाचून इलाज नसेल, तर आधी मोबाइलवर अक्षांश-रेखांश, तोंड कुठल्या दिशेला आहे ते, उंची-रुंदी-जाडी आणि चारही बाजूंचे फोटो घ्यावेत. सिमेंटऐवजी वाळूच्या खड्ड्यात उभा करावा.

शकाची चुकलेली बेरीज

फलकांवर सर्वांत जास्त चुका इथे होतात. ‘शके अधिक ७८’ हे सूत्र बहुतेकांना पाठ असतं, पण ते चैत्रापासून डिसेंबरअखेरपर्यंतच चालतं. जानेवारीपासून फाल्गुनअखेरपर्यंत ७९ मिळवायचे. शिवजन्म फाल्गुन वद्य तृतीया, शके १५५१. इथे ७९ मिळवले तरच १६३० येतं. राज्याभिषेक ज्येष्ठ शुद्ध त्रयोदशी, शके १५९६. इथे ७८ मिळवून १६७४.

संवत्सराचं, म्हणजे साठ वर्षांच्या चक्रातल्या त्या वर्षाचं, नाव दिलेलं असेल तर पडताळा घ्यावा. शकात १२ मिळवा, ६० ने भागा. बाकी १ म्हणजे प्रभव, २ विभव, ३ शुक्ल, असं पुढे. १५५१ मध्ये १२ मिळवले की १५६३, बाकी ३, म्हणजे शुक्ल. शिवजन्माच्या नोंदीत तोच आहे. जुळत नसेल तर आकडा पुन्हा वाचावा. मोडी कागदांत बहुधा शुहूर सन (शकाहून वेगळी एक कालगणना) अरबी शब्दांत असतो. ‘सबा सबैन मया व अलफ’ म्हणजे ७, ७०, १०० आणि १०००, एकूण ११७७. त्यात ५९९ मिळवून १७७६-७७. हे वर्ष मृगाला बदलतं, त्यामुळे मृगापूर्वीच्या महिन्यांसाठी ६०० मिळवावे लागतात.

तारखेशिवाय ‘पांडवकालीन’ किंवा ‘हेमाडपंती’ लिहायची घाई नको. ‘हेमाडपंती’ हे नाव ज्याच्यावरून पडलं तो हेमाद्री यादवांचा मंत्री, तेराव्या शतकातला. अंबरनाथच्या शिवमंदिरात शके ९८२ चा, म्हणजे १०६० चा लेख आहे, हेमाद्रीच्या दोनशे वर्षं आधीचा.

कागद आणि आठवणी

वाड्यातले मोडी कागद प्रदर्शनासाठी लॅमिनेट करू नयेत. उष्णतेने शाई आणि कागद बिघडतो आणि प्लास्टिक पुन्हा निघत नाही. सेलोटेपही नको. मूळ रुमालातला, म्हणजे कागद बांधलेल्या कापडी गठ्ठ्यातला, क्रम न मोडता फोटो काढावेत, प्रदर्शनात रंगीत प्रती लावाव्यात आणि मूळ गठ्ठा धुतलेल्या सुती कापडात, भिंतीपासून वीतभर दूर ठेवावा.

वृद्धांच्या आठवणी पारावर चारचौघांत घेतल्या की सगळे एकाच गोष्टीला मान डोलावतात. एकेकट्याला भेटावं, पंखा बंद करावा, फोन वीतभर अंतरावर ठेवावा. साल विचारू नये. ‘कोयनेच्या भूकंपाआधी की नंतर?’, ‘बहात्तरच्या दुष्काळात हे होतं का?’ असं विचारावं. भूकंप ११ डिसेंबर १९६७ चा, त्यामुळे उत्तराला आपोआप वर्ष मिळतं.

कायदा आणि फलक

केंद्रीय संरक्षित स्मारकापासून १०० मीटरपर्यंत बांधकामाला बंदी आहे आणि त्यापुढच्या २०० मीटरमध्ये परवानगी लागते. स्मारकाच्या आवारात मांडव घालायचा असेल तरी आधी पुरातत्त्व विभागाला पत्र द्यावं. खोदकामात नाणी सापडली तर गुप्तधनाविषयीच्या १८७८ च्या कायद्यानुसार जिल्हाधिकाऱ्यांना कळवणं बंधनकारक आहे. ती वाटून घेणं गुन्हा आहे.

माहितीफलक भिंतीत खिळे ठोकून लावू नये, मीटरभर दूर स्वतंत्र खांबावर उभारावा. मजकूर शंभर-सव्वाशे शब्दांचा. शिलालेखातलं काय, गॅझेटियरमधलं (जिल्ह्याच्या सरकारी माहितीग्रंथातलं) काय आणि गावात सांगतात ते काय, हे वेगवेगळ्या वाक्यांत लिहावं. छापण्याआधी तारखा दोघांकडून स्वतंत्रपणे तपासून घ्याव्यात आणि फोटो, मोजमापं, ध्वनिमुद्रणं यांची एकेक प्रत ग्रामपंचायत किंवा नगरपालिका, वाचनालय आणि शाळा या तिन्ही ठिकाणी द्यावी.