गिझरचं बिल कमी करायचं तर आधी थर्मोस्टॅट बघा

15 लिटर पाणी 25 अंशांवरून 60 अंशांपर्यंत तापवायला साधारण 0.6 युनिट वीज लागते. 2000 वॅटच्या गिझरला त्यासाठी 18 मिनिटं पुरतात. 50 अंशांवर थांबलात तर 0.44 युनिट. अंघोळीला आपण त्यात गार पाणी मिसळतोच, मग 60-70 अंश कशाला? थर्मोस्टॅट (पाणी किती तापलं की गिझर थांबेल ते ठरवणारा भाग) 50 वर ठेवा आणि आठवड्यातून एकदा 60 पर्यंत पूर्ण तापू द्या, म्हणजे टाकीत जंतू वाढत नाहीत. अंघोळीच्या 15-20 मिनिटं आधी चालू करा. दिवसभर चालू राहिलेला गिझर टाकीतून निसटणारी उष्णता भरून काढत बसतो, ती वीज निव्वळ वाया जाते.

बोअरच्या पाण्यावर चालणारा गिझर वर्षातून एकदा उघडायलाच हवा. पाणी तापवणाऱ्या कॉइलवर क्षाराचा थर बसला की तिची उष्णता पाण्यात नीट उतरत नाही, कॉइल आतून जास्त तापते आणि जळते. एमसीबी बंद करा, पाणी गार होऊ द्या, पाणी आत येण्याचा व्हॉल्व्ह बंद करून टाकी रिकामी करा. वायरी काढण्याआधी फोटो घ्या, मग कॉइल बाहेर काढा. कॉइलचा फक्त धातूचा भाग एक लिटर कोमट पाण्यात 50 ग्रॅम सायट्रिक अ‍ॅसिड घालून तासभर बुडवा. सुरीने खरवडू नका. गॅस्केट (कॉइलच्या जोडावरची रबरी चकती) नवीनच बसवा, जुनं हमखास गळतं. टाकीतली मॅग्नेशियमची कांडी झिजून बारीक झाली असेल तर तीही बदला, नाहीतर टाकी गंजते. टाकी पाण्याने पूर्ण भरून नळाला धार आल्याशिवाय बटण दाबू नका. अर्थिंगची खात्री नसेल तर हे काम वायरमनकडूनच करून घ्या.