किती घेतली नव्हे, किती वाजता थांबलात?

गाडी शिकवताना मला सर्वात जास्त विचारला गेलेला प्रश्न क्लचचा नाही, "सर, किती घेतलेली चालते?" हा आहे. विचारणारा मनात पेग मोजत असतो. कायदा रक्त मोजतो, त्यामुळे या प्रश्नाला उत्तरच नाही.

आधी जिथे गाडी चालवणार तिथला आकडा पाहा. भारतात मोटार वाहन कायद्याच्या कलम १८५ प्रमाणे मर्यादा १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅम अल्कोहोल. जर्मनीत ५०, स्वीडनमध्ये २०, इंग्लंडमध्ये ८०, आणि त्याला लागून असलेल्या स्कॉटलंडमध्ये २०१४ पासून ५०. दशांशचिन्ह मात्र नीट वाचा. ५० मिलिग्रॅम म्हणजेच ०.०५ टक्के, आणि तोच आकडा जर्मन माणूस दरहजारी ०.५ असा सांगतो. शिवाय जर्मनीत २१ वर्षांखालच्या किंवा नव्या परवान्याच्या चालकाला थेंबाचीही सूट नाही.

आता हिशेब. माझा एक जुना विद्यार्थी रात्री एकला थांबला, झोपला, सकाळी सातला गाडी काढली आणि तपासणीत अडकला. "पण सर, मी झोपून उठलो होतो!" झोपून काय होणार? शरीर तासाला साधारण १५ मिलिग्रॅमच्या वेगाने अल्कोहोल संपवतं, कुणाचं थोडं भरभर, कुणाचं हळू. एक वाजता रक्तात १५० असतील तर सातला ६० उरतात. म्हणजे तोच माणूस इंग्लंडमध्ये सुटेल आणि स्कॉटलंडमध्ये गुन्हेगार ठरेल. काळी कॉफी, थंड पाण्याची अंघोळ, बळेच केलेली उलटी, हे सगळे उतारे मी ऐकलेत. डोळे उघडतात, आकडा हलत नाही. म्हणून सकाळी गाडी काढायची असेल तर उलटं मोजा आणि रात्री लवकर थांबा. हिशेब काठावर येत असेल तर किल्ली दुसऱ्याला द्या.

शिक्षेचं बोलताना सगळे दंडावर अडकतात. भारतात पहिल्या गुन्ह्याला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा १०,००० रुपये दंड किंवा दोन्ही, पुन्हा सापडलात तर दोन वर्षांपर्यंत कैद किंवा १५,००० रुपये दंड किंवा दोन्ही. पण खरा फटका परवान्याचा. दोषी ठरल्यावर न्यायालयाला गाडी चालवायला किमान सहा महिने अपात्र ठरवावंच लागतं, ब्रिटनमध्ये बंदी किमान बारा महिन्यांची. ज्याचं पोट स्टिअरिंगवर आहे त्याने हा भाग दोनदा वाचावा.

"फुंकणारच नाही" ही हुशारी करू नका. ब्रिटनमध्ये सबळ कारणाशिवाय नकार देणं हाच वेगळा गुन्हा, आणि भारतात तो नकार न्यायालयात तुमच्याविरुद्ध धरता येतो. इंग्लंडमध्ये उभ्या गाडीत बसलात तरी गाडी तुमच्या ताब्यात आहे असं मानलं जाऊ शकतं, तेव्हा झोप काढायची तर गाडीबाहेर. जपान आणखी पुढे आहे: प्यायलेल्याला गाडी देणारा, दारू पाजणारा, आणि माहीत असून त्याला आपल्याला गाडीने पोहोचवायला सांगणारा सहप्रवासी, तिघंही कायद्याच्या कचाट्यात येतात.

आणि ज्यांनी ग्लासाला हातच लावला नाही त्यांनी कलम १८५ चा दुसरा भाग वाचा. त्यात गाडीवर ताबा राहणार नाही इतपत अमली पदार्थाचा अंमलही येतो. सर्दीच्या गोळीच्या पाकिटावर झोप येण्याची सूचना असेल तर ती गोळी गाडी लावून झाल्यावर घ्या.