कन्सोल तापतोय? आधी कपाटाचं दार उघडा, मग कन्सोल

"काका, विमान सुटलं!" असं पुतण्या हॉलमधून ओरडला की मे महिना लागला, हे आमच्या अकोल्याच्या घरात कॅलेंडर न बघता कळायचं. विमान म्हणजे टीव्हीखालच्या शोकेसमधला गेमिंग कन्सोल. पंखा असा घोंगावायचा की टीव्हीचा आवाज वाढवल्याशिवाय काही ऐकू येत नसे. एका दुपारी पडद्यावर 'फार तापलाय, बंद करा' अशा अर्थाचा इशारा आला आणि खेळ तिथेच थांबला. मी स्क्रूड्रायव्हर शोधायला लागलो. पण वर आईने हौसेने घातलेला क्रोशाचा रुमाल होता, मागे भिंत टेकलेली होती आणि समोर काचेचं दार बंद. यंत्राने तक्रार केली यापेक्षा ते चार वर्षं गप्प राहिलं याचंच मला नवल वाटलं.

तेव्हापासून शेजारपाजारचे, नात्यातले बरेच कन्सोल हाताखालून गेले. त्यातले निम्मे तरी उघडावेच लागले नाहीत. म्हणून इथे क्रम तोच ठेवलाय: आधी फुकटचे उपाय, मग स्वस्तातले, आणि स्क्रूला हात सगळ्यात शेवटी.

बंद पडतो म्हणजे नक्की कसा?

हे आधी नीट बघा, कारण बंद पडणारा प्रत्येक कन्सोल तापलेला नसतो.

जड गेम सुरू केला, दहा-पंधरा मिनिटांत पंख्याचा आवाज चढत गेला, मग इशारा आला आणि यंत्र बंद झालं, आणि अर्ध्या तासाने पुन्हा नीट चालू झालं, तर ती उष्णता. पीएस-४ वर (म्हणजे सोनीच्या प्लेस्टेशन-४ वर) अशा वेळी वरच्या पट्टीत लाल दिवा दिसतो. असा ठरावीक वेळ घेऊन बंद पडणं ही उष्णतेची खूण.

काहीही इशारा न देता, कधी दोन मिनिटांत तर कधी दोन तासांनी फटकन बंद होत असेल, तर संशय विजेवर घ्या. एक्स्टेंशन बोर्ड बाजूला काढा आणि भिंतीतल्या सॉकेटमध्ये थेट पिन लावून एक दिवस खेळा. सैल सॉकेटमुळे बंद पडणारे कन्सोल 'ओव्हरहीटिंग' म्हणून दुकानात गेलेले मी पाहिलेत. इन्व्हर्टरवर चालवत असाल तर थेट लाइनवरही चालवून बघा.

दिवा पांढरा लागतो, पंखा फिरतो, पण पडद्यावर काहीच नाही? मग एचडीएमआयची, म्हणजे चित्र टीव्हीवर नेणारी, केबल बदला, टीव्हीचं दुसरं पोर्ट वापरा, आणि कन्सोलच्या पोर्टमध्ये टॉर्च मारून पिना वाकल्यात का बघा. पीएस-४ आणि पीएस-५ पूर्ण बंद करून पॉवर बटण सात-एक सेकंद, दुसरी बीप येईपर्यंत, दाबून धरलं की सेफ मोड, म्हणजे दुरुस्तीपुरता साधा मेन्यू, उघडतो. कंट्रोलर मात्र यूएसबी केबलनेच जोडावा लागतो. तिथे पडद्याचं रिझोल्यूशन बदलायचा पर्याय असतो.

गेम मध्येच अडकतो, मेन्यू रखडतो, पण पंखा शांत आहे, असं असेल तर सेफ मोडमधलाच पाचवा पर्याय वापरा: डेटाबेस (आतल्या फाइलींची यादी) पुन्हा बांधणे. त्यात गेम किंवा सेव्ह पुसले जात नाहीत, फक्त वेळ लागतो. खालचे रीसेटचे पर्याय मात्र घाईत दाबू नका. तिथे सगळं पुसलं जातं, आणि सेव्ह फाइल गेलेल्या पोराची समजूत काढणं हे कुठल्याही दुरुस्तीपेक्षा अवघड आहे.

जागा बदला

पीएस-५ वर जड गेम चालू असताना साधारण २०० वॉट वीज खर्च होते. जुने शंभर-शंभरचे दोन पिवळे बल्ब बंद कपाटात लावून ठेवा आणि तासाभराने दार उघडा. कन्सोल नेमका त्या कपाटात बसलेला असतो, आणि मागून फेकलेली गरम हवा पुढून पुन्हा आत ओढत असतो.

म्हणून पहिलं काम, त्याला उघड्यावर आणा. भिंतीपासून किमान १० सेंटीमीटर अंतर ठेवा. खाली गालिचा, सतरंजी किंवा गादी नको, कडक पाट किंवा टेबल हवं. वर रुमाल, सेटटॉप बॉक्स, गेमच्या डब्या काही नको. देवघराच्या जवळ असेल तर हलवा, कारण उदबत्तीची काजळी आणि तेलाच्या दिव्याचा धूर आतल्या धुळीला चिकट करतो, आणि चिकट धूळ फुंकून निघत नाही. स्वयंपाकघराला लागून हॉल असलेल्या घरांत फोडणीचा धूरही तेच करतो.

पीएस-४ किती गरम खोलीत चालवावा याची मर्यादा सोनीने दिलेली आहे: ५ ते ३५ अंश सेल्सिअस. विदर्भातल्या मे महिन्यात बाहेर ४५ आणि पत्र्याखालच्या किंवा गच्चीलगतच्या खोलीत सहज ३८ असतात. म्हणजे यंत्र चालू करण्याआधीच मर्यादा ओलांडलेली. याला दुरुस्ती नाही. खेळायची वेळ बदला, सकाळी किंवा रात्री दहानंतर. कूलरचा झोत कन्सोलवर सोडायचा मोह होतो, तो टाळा. कूलरची हवा ओलसर असते, कधी कधी बारीक तुषारही येतात, आणि आतल्या पंख्याने ते थेट सर्किटवर ओढले जातात. खोलीत कूलर चालू दे, तोंड मात्र दुसरीकडे. कोकणात आणि गोव्यात उन्हापेक्षा दमटपणा आणि खारी हवा हा जास्त मोठा शत्रू आहे. तिथे कन्सोल महिनोन् महिने न वापरता कोपऱ्यात ठेवण्यापेक्षा अधूनमधून चालवलेला बरा.

एवढं करून दोन-तीन दिवस खेळून बघा. आवाज उतरला तर पुढचं वाचायचीही गरज नाही.

बाहेरूनच धूळ काढा

प्लग काढा. स्टँडबायवर ठेवून नाही, भिंतीतून पिन काढून. हवेच्या फटींवर रंगकामाचा नवा, कोरडा, मऊ ब्रश फिरवा. मग कॅमेऱ्याची रबरी फुंकणी किंवा हवेचा कॅन वापरून लहान लहान झोत द्या. तोंडाने फुंकू नका, थुंकीचा ओलावा आत जातो. मोठा ब्लोअर पूर्ण जोरात लावू नका, त्याने पंखा प्रमाणाबाहेर वेगाने फिरतो आणि बेअरिंग जातं. हे काम बाल्कनीत करा. हॉलमध्ये केलंत तर निघालेली धूळ संध्याकाळपर्यंत पुन्हा आत.

पीएस-५ वाल्यांचं काम इथे सोपं आहे. बाजूची मोठी पांढरी आवरणं स्क्रू न काढता हातानेच निघतात आणि आत धूळ साठावी म्हणून मुद्दाम ठेवलेली भोकं आहेत. त्यांना व्हॅक्यूम क्लीनरची अरुंद नळी लावली की झालं. यापुढे पीएस-५ मात्र घरी उघडू नका. त्याच्या चिपवर उष्णता वाहून नेणाऱ्या साध्या पेस्टऐवजी लिक्विड मेटल, म्हणजे द्रवरूप धातू, वापरलेलं आहे. ते वीजवाहक असतं, हीटसिंक (चिपची उष्णता शोषणारा धातूचा भाग) उचलताना एक थेंब जरी बोर्डवर ओघळला तरी शॉर्ट होऊ शकतं.

आता उघडायचा असेल तर

वॉरंटी संपलेली हवी. मी इथे पहिल्या, जाड पीएस-४ बद्दल लिहितोय. आपल्याकडे अजून घरोघरी तोच आहे, आणि शिकायलाही तोच बरा. स्लिम आणि प्रो यांची आवरणं वेगळ्या तऱ्हेने निघतात, तेव्हा आपल्या मॉडेलचा व्हिडिओ आधी शेवटपर्यंत बघा.

लागणारं सामान: मधे छिद्र असलेला टॉर्क्स (सहा टोकांच्या ताऱ्याचा) स्क्रूड्रायव्हर, टी-८ किंवा टी-९ मापाचा, साधा छोटा फुलीचा स्क्रूड्रायव्हर, आयसोप्रोपिल अल्कोहोल, थर्मल पेस्टची एक ट्यूब, आणि मसाल्याचा डबा. होय, पाळ्याचा. प्रत्येक टप्प्याचे स्क्रू वेगळ्या वाटीत पडले की जोडताना डोकं खाजवावं लागत नाही.

प्लग काढून निदान अर्धा तास थांबा. नळाला किंवा लोखंडी खिडकीला हात लावून अंगातली स्थिर वीज उतरवा. कन्सोल पालथा करा. मागच्या कडेला स्क्रू दिसतील, काही स्टिकरखाली लपलेले असतात. ते काढून खालचं झाकण मागच्या बाजूने हलकेच उचला. इथे जोर लावायचा नाही. अडकलं म्हणजे एखादा स्क्रू राहिलाय.

समोर काळा लांबट डबा दिसतो तो पॉवर सप्लाय, शेजारी गोल पंखा. पॉवर सप्लायचे स्क्रू काढून, त्याखालची आणि बाजूची वायर सांभाळून, तो सरळ वर उचला. हा डबा उघडायचा नाही. आतल्या कपॅसिटरमध्ये (वीज साठवणाऱ्या भागात) प्लग काढल्यावरही चार्ज राहतो, आणि तो जिवावर बेतू शकतो.

डबा निघाला की हीटसिंकच्या पातळ पात्यांची रांग दिसते. पंख्याची हवा याच पात्यांमधून जाऊन मग पॉवर सप्लायवरून मागे बाहेर पडते. आमच्या कन्सोलमध्ये इथे धूळ नव्हती, नमदा होता. चिमट्याने एक कोपरा धरला तर गोधडीच्या अस्तरासारखा अखंड तुकडा निघाला, वीतभर लांब, आणि त्यात एक वाळकं झुरळ. हे दृश्य नवीन नाही. कन्सोलमध्ये ऊब, अंधार आणि शांतता असते, झुरळाला आणखी काय लागतं. फवारा मात्र आत कधीही मारू नका. झुरळाचा खडू फळीभोवती ओढा, यंत्राला नाही.

पात्यांमधली धूळ ब्रशने आणि फुंकणीने काढा. पंख्यात हवा मारताना एका बोटाने पंखा धरून ठेवा. पाती अल्कोहोलने ओल्या केलेल्या कापसाच्या काडीने पुसा. पंखा हाताने फिरवून बघा: खरखर आली किंवा डुगडुगला तर तो बदलायचा. तसाच पंखा बाजारात मिळतो, फक्त मॉडेल क्रमांक जुळवून घ्या.

बहुतेकांनी इथेच थांबावं. यंत्र जोडून चालवून बघा. सहा-सात वर्षं जुना कन्सोल असेल आणि साफ करूनही आवाज तसाच राहिला, तरच पेस्टकडे वळा. त्यासाठी मुख्य बोर्ड बाहेर काढावा लागतो, बारीक वायरींचे कनेक्टर सोडावे लागतात, आणि हात थरथरत असेल तर हे काम दुसऱ्याला द्यावं. चिपवरची जुनी पेस्ट वाळलेल्या चुन्यासारखी झालेली असते. ती नखाने किंवा सुरीने खरवडू नका, अल्कोहोलने भिजवून पुसा. मधोमध वाटाण्याएवढी नवी पेस्ट ठेवा आणि हीटसिंक सरळ खाली बसवा. जास्त पेस्ट म्हणजे जास्त गारवा असं होत नाही, उलट ती कडेने ओघळते.

दुकानदार काय म्हणतो

मुंबईत लॅमिंग्टन रोड, पुण्यात तपकीर गल्ली, आणि आता प्रत्येक जिल्ह्याच्या गावात एखादा मोबाइलवाला कन्सोलही उघडतो. त्यातले बरेच जण हुशार आहेत. पण 'चिपला हीट देऊन देतो' असं कोणी म्हणालं तर सावध व्हा. हा उपाय एक्सबॉक्स ३६० च्या काळातला आहे. तो कन्सोल २००५ साली आला आणि समोरचं वर्तुळ लाल होऊन इतके बंद पडले की २००७ साली मायक्रोसॉफ्टने या दोषासाठी वॉरंटी तीन वर्षांची केली आणि त्यापोटी एक अब्ज डॉलरहून जास्त खर्च बाजूला काढला. चिप तापून-गार होऊन तिच्या आतले जोड तडकत होते. लोक तेव्हा यंत्र टॉवेलमध्ये गुंडाळून मुद्दाम तापवायचे, आणि ते खरोखर चालू व्हायचं, काही दिवसांसाठी. हीट गनची (गरम हवेच्या झोताची) दुरुस्ती म्हणजे त्याच टॉवेलची महाग आवृत्ती. पैसे द्यायचे तर 'काय तपासलं, कुठला भाग बदलला' हे विचारा आणि जुना भाग परत मागा. एचडीएमआय पोर्ट, पंखा, पॉवर सप्लाय बदलणं ही खरी कामं आहेत, त्यांना खुशाल पैसे द्या. देण्याआधी सेव्ह फाइल पेनड्राइव्हवर किंवा ऑनलाइन ठेवा आणि सिरियल नंबरचा फोटो काढा.

जोडल्यावर

पहिल्यांदा चालू करताना मागच्या फटीवर तळहात धरा. आता हवा आधीपेक्षा गरम आणि जोरात लागेल. घाबरू नका, तेच हवंय: जी उष्णता आत कोंडत होती ती बाहेर पडतेय. नेहमीचा जड गेम लावून सलग तासभर चालवा आणि शेजारी बसून फक्त पंखा ऐका. आवाज चढून एका पातळीवर स्थिरावला तर काम झालं. चढतच गेला तर पेस्ट नीट पसरलेली नाही किंवा हीटसिंकचा एखादा स्क्रू सैल आहे.

आणि मसाल्याच्या डब्यात एक स्क्रू उरला असेल, तर तो पाकिटात टाकून विसरू नका. पुन्हा उघडा. माझा उरला होता तो पंख्याचा होता.